ज्याची मान, त्याचाच हात

हे मी डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे येते आणि एक पान भरायला सकाळ जाते. उजवा हात कागदावर ठेवलेला आहे. वाऱ्याने कागद उडू नये एवढे काम तो करतो.

डोक्यातल्या रक्तवाहिनीचे दुखणे आमच्या बाजूला कोणाला झाल्याचे मी ऐकले नव्हते. झाले असेलही, अर्धांग म्हणून किंवा बाहेरची बाधा म्हणून लोक मोकळे झाले असतील. मला झाले तेव्हा काय करावे हे सांगणारे पुष्कळ भेटले. काय करू देऊ नये, हे एकाच माणसाने सांगितले आणि ते आम्ही पाळले नाही. म्हणून लिहितो.

दांडा

मी कालव्याच्या खात्यात मोजणीदार होतो. बारामतीपासून इंदापुरापर्यंत कालव्याचे पाणी कोणी किती उसाला घेतले, हे साखळीने मोजून लिहायचे, हे माझे काम. घर कोऱ्हाळ्याला. आईबाप लवकर गेले. थोरल्या भावाने, आबाने, मला वाढवले, शिकवले आणि माझे लग्न लावले. त्याचे घर आणि माझे घर यांच्यामध्ये एकच अंगण. माझी बायको सोनाबाई इंदापूरची.

सन पस्तीसचे गुऱ्हाळ आमच्या मळ्यावर लागले होते. चरकाचे बैल फिरत असताना दांड्याच्या आवाक्यात वाकायचे नाही, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असते. माझी मोजणीची साखळी खांद्यावरून घसरली आणि मी ती उचलायला वाकलो. दांड्याचे टोक डाव्या कानशिलावर बसले. मी पडलो, उठलो, पाणी प्यालो.

चरकात ऊस घालता घालता आबा म्हणाला, "का रं नाना, आज दांड्याची लांबी डोस्क्यानं मोजली व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. आबाने स्वतःच्या हाताने गूळ-चुना लावला आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो.

आठवडा गेला आणि डोक्यात आवाज सुरू झाला. लोहाराचा भाता कोणी कानामागे बसून ओढतो आहे, असा. मनगटावर बोट ठेवून पाहिले तर नाडीच्या प्रत्येक ठोक्याला भात्याची एक फुंकर. जिना चढलो की भाता जोरात, निजलो की सावकाश. थांबणे मात्र नाही. पुढे डावा डोळा लाल झाला आणि हळूहळू खोबणीतून बाहेर येऊ लागला. आरशात पाहिले तर बुबुळही नाडीबरोबर हलताना दिसे. मी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

आधीचे उपाय

आबा म्हणाला, कानात किडा गेला. कोमट तेल घातले. वैद्य म्हणाले, रक्त तापले आहे; जळवा लावल्या. जळवा पिऊन टम्म झाल्या आणि गळून पडल्या, भाता चालूच. ठकूकाकू ही आमची शेजारीण, गावात कोणाला काय झाले याची पहिली खबर तिला. तिने देवऋषी आणला. त्याने मला धुरापुढे बसवून विचारले, "कोन हाईस तू?" मी म्हणालो, मोजणीदार. त्याला ते आवडले नाही.

शेवटी डाग द्यायचे ठरले. जनावरांना डाग देणारा एक धनगर होता, त्याला बोलावले. आबाने माझे डोके आपल्या दोन गुडघ्यांत धरले. आबाने धरलेले वासरू हलत नाही, अशी त्याची ख्याती. मीही हललो नाही. तापलेली सळई कानशिलाला लागली तेव्हा मला माझ्याच चामडीचा वास आला. आबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, ते माझ्या कपाळावर पडत होते. पण त्याची पकड एवढीशीही सैल झाली नाही. हे मुद्दाम लिहितो. पुढे उपयोगी पडेल.

आवाज होता तसाच राहिला. मग लोक म्हणू लागले, ह्याला भास होतात. आबाही एकदा म्हणाला, "आमाला कुनाला ऐकू येत न्हाय, मग हाय कुठं आवाज?"

त्या दिवशी सोनाबाई भाकरी टाकून उठली, पिठाच्या हातांनी माझे डोके धरले आणि आपला कान माझ्या कानशिलाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हाय," ती म्हणाली. "भाताच हाय. मला येतोय ऐकू."

मी चाळिशी उलटलेला माणूस. तिच्या खांद्याला कपाळ टेकून रडलो. इतक्या दिवसांत मी एकट्याने जे ऐकत होतो ते आता दोघांनी ऐकले होते. तिनेच हट्ट धरला की पुण्याला जायचे.

पुण्याचे निदान

बारामतीहून छोट्या गाडीने दौंड, तिथून पुणे. इस्पितळातल्या डॉक्टरांनी नळी कानात घालून तिचे तोंड माझ्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवले आणि ते हसले. वाईट हसले नाहीत. हरवलेले जनावर सापडल्यावर माणूस हसतो तसे. मग त्यांनी दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून ऐकायला लावले.

त्यांनी विचारले, "तुम्ही कालव्यावर ना? मग तुम्हाला सांगणे सोपे आहे. मानेतून डोक्यात रक्ताची एक मोठी चारी जाते. कवटीच्या आत, डोळ्याच्या मागे, ती फुटली आहे. पाणी शेतात जायचे ते नाल्यात पडते आहे. त्याचा हा आवाज, आणि नाला तुंबल्यामुळे डोळा बाहेर आला आहे."

"फुटलेली जागा बुजवता येते?" मी विचारले.

"कवटीच्या आत माझा हात तिथवर जात नाही. मानेत चारी बांधून बंद करता येते."

"मग पुढच्या शेताचे काय?"

डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्या बाजूच्या चाऱ्यांनी पाणी पोचले तर शेत वाचते. नाही पोचले तर तेवढे शेत जळते. म्हणजे उजवे अंग जाते, वाचा जाते. कधी माणूसही जातो."

"आणि नाहीच बांधली तर?"

"डोळा जाईल. आवाज राहील. एखाद्या दिवशी आत रक्तस्राव होईल, कधी ते सांगता येत नाही."

मी विचारले की बांधलेल्यांपैकी किती जणांचे अंग जाते. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही हिशेबी दिसता. पण तुमच्यापुरता आकडा एकच आहे. तुम्हाला सोसते किंवा सोसत नाही. ते आधी पाहू."

वॉर्डात

पहाटे नर्स ताप पाहायला तोंडात काचेची नळी ठेवून जाई. मग झाडूवाला, मग पेज, मग डॉक्टरांची फेरी. फेरी आली की ज्यांना उठता येई त्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. सोनाबाईला दुपारीच आत सोडत. बाकी वेळ ती व्हरांड्यात पितळी डबा मांडीवर घेऊन बसे.

शेजारच्या खाटेवर लोणी भापकर गावचा गणपत होता. तरणाताठा. ऊस तोडताना पाठीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय गेले. डॉक्टरांनी पाठ उघडली, तर कण्यातल्या मज्जेच्या दोऱ्यावर रक्तवाहिन्यांचा गुंता, वेलीचा असतो तसा. हात लावता येईना. पुन्हा शिवून टाकली.

"माझा पाट उकरला आन बुजवला," गणपत सांगे. "पानी काय सुटलं न्हाय. तुमी तर खात्यातलं मानूस, मोजनीदार. अर्ज तरी करा माझा."

मी म्हणालो, करतो. तो हसला. त्याच्या पाठीला जखमा पडल्या होत्या आणि कूस बदलताना वॉर्डभर वास येई, तेव्हा तो मोठमोठ्याने लावणी म्हणे, म्हणजे लोकांनी नाकाऐवजी कान झाकावेत. एका सकाळी मी उठलो तर खाट धुऊन उन्हात टाकलेली होती.

डॉक्टरांनी मला दाबायला शिकवले. मानेत डाव्या बाजूला, श्वासनळीच्या शेजारी, नाडी लागते. तिथे दोन बोटांनी मणक्याकडे दाबायचे. बरोबर जागा सापडली की भाता थांबतो. पहिल्यांदा थांबला तेव्हा मला वॉर्डातली पाल ऐकू आली. इतकी शांतता मी विसरलो होतो.

"रोज थोडे थोडे वाढवायचे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला सवय होऊ द्यायची. अर्धा तास सोसले की या, मी बांधतो. पण एक नियम. दाबायचे तुमच्याच उजव्या हाताने. दुसऱ्या कोणाच्या नाही."

"का?"

"डावी बाजू उपाशी पडू लागली की सगळ्यात आधी उजवा हात ढिला पडतो. म्हणजे तो आपोआप गळून पडेल आणि रक्त सुरू होईल. तुमचा हात हेच तुमचे कुलूप आणि हीच किल्ली." मग ते सोनाबाईकडे वळले. "तुम्ही समोर बसायचे. यांना बोलते ठेवायचे. जीभ जड झाली, हात पडला, की त्या दिवसापुरते बस."

सोनाबाईने मान हलवली. तिने तो नियम माझ्याकडून परत म्हणवून घेतला.

बंद दार

घरी दाबणे सुरू झाले. माझी बोटे निसटत, जागा चुके. सोनाबाईला ती लगेच सापडे. ती माझी बोटे धरून जागेवर ठेवायची आणि मग समोर बसून काही विचारत राहायची. पाचाचा पाढा म्हणा. इंदापूरच्या वाटेवर कोणकोणती गावं लागतात ते सांगा. आपलं लग्न कुठल्या महिन्यात झालं. एकदा मी मुद्दाम चुकीचा महिना सांगितला. तिने घाबरून माझा हात ओढला आणि मग मी हसतो आहे हे पाहून दिवसभर बोलली नाही. आजारपणातले ते दिवस मला आजही सुखाचे वाटतात. डोळा थोडा आत गेला होता आणि मिनिटे वाढत होती.

वाकताना तिचा पदर पडे. आबा केव्हाही घरात येई, म्हणून ती दार लावून घेई. आमच्याकडे थोरल्या दिरापुढे बाई डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. त्याच्याशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचेच असले तर नवऱ्याला उद्देशून म्हणायचे, थोरल्यांना म्हणावं अमुक अमुक. अंगाला अंग लागणे तर दूरच. लग्नाला वीस वर्षे होत आली तरी तिने आबाशी सरळ एक शब्द बोललेला नव्हता.

दार लावलेले पाहून ठकूकाकू खिडकीशी आली. तिला दिसले ते एवढेच: सोनाबाईचे हात नवऱ्याच्या गळ्यावर. संध्याकाळपर्यंत ते पाणवठ्यावर पोचले.

दुसऱ्या सकाळी आबा आला आणि ओसरीवर बसला.

"नाना, हे बंद कर. लोक काय बी बोलत्यात. बायकूनं नवऱ्याच्या नरड्याला हात लावायचा म्हंजे काय?"

"ती फक्त जागा दाखवते. दाबतो मीच."

"लोकास्नी काय दिसतंय त्ये बघ. आजपासनं मी बसतो."

आतल्या दारामागून सोनाबाई म्हणाली, "थोरल्यास्नी म्हनावं, डॉक्टरांनी सांगितलंय, दुसऱ्याच्या हातानं न्हाय दाबायचं."

मी तसे सांगितले. आबा म्हणाला, "मी काय दुसरा हाय व्हय रं?"

मी बरे म्हणालो. त्याने मला वाढवले होते.

ती सकाळ

आबाने पहिले काही दिवस नियम पाळला. मी दाबायचो, तो बसायचा. पण त्याला बोलता येईना. भावाला पाढे काय विचारायचे? तो तंबाखू मळत बसे. सोनाबाई आतल्या दारात उभी राहून माझ्या हाताकडे पाही.

त्या सकाळी माझी बोटे सारखी निसटत होती. भाता थांबे आणि पुन्हा सुरू होई. आबा वैतागला. "तुझ्या हातात जोर न्हाय," म्हणत त्याने माझा हात बाजूला केला आणि आपला अंगठा मानेत रोवला.

भाता थांबला. मी म्हणालो, "थांबला." हा माझा त्या सकाळचा शेवटचा नीट शब्द.

पुढचे मला आठवते, हेच क्रूर आहे. शुद्ध गेली असती तर बरे झाले असते. उजवा हात मांडीवरून घसरून खाटेखाली लोंबला. तो माझा आहे हे कळत होते. उचलता येत नव्हता. आबाला सोड म्हणायचे होते. तोंड उघडले आणि लाळ आली. वेदना नव्हती. उन्हात पाट आटत जावा तसे एकेक काही कमी होत गेले.

सोनाबाईने हात पडलेला पाहिला. ती दारातून म्हणाली, "आवो, थोरल्यास्नी म्हनावं, तुमचा हात पडलाय."

ती माझ्याशीच बोलत होती. रीतच ती. निरोप मी पोचवायचा होता.

आबा म्हणाला, "गप. डोळा लागलाय त्याचा. किती दिसानं झोपलाय."

"थोरल्यास्नी म्हनावं, झोप न्हाय ती. सोडा म्हनावं." तिचा आवाज चढत गेला. "आवो, सांगा की. सोडा म्हनावं."

आबा सोडेना. आपण भावाला आराम देतो आहोत असे त्याला वाटत होते. आवाज थांबल्याचे त्याने माझ्याच तोंडून ऐकले होते. वासरू हलत नव्हते.

ती किती वेळ उंबऱ्यावर उभी राहिली, मी सांगू शकत नाही. मग तिने उंबरा ओलांडला, दोन्ही हातांनी आबाचे मनगट धरले आणि उपसून काढले. भावजयीचा हात लागताच आबा चटका बसावा तसा मागे सरून भिंतीला टेकला. तिने ओरडत माझी मान चाचपली, नाडी शोधली. ओरडणे ऐकून ठकूकाकू दारात आली. तिला पुन्हा तेच दिसले: सोनाबाई, डोक्यावर पदर नाही, दोन्ही हात माझ्या गळ्यावर. आबा लांब भिंतीशी उभा.

"काय केलंस गं सटवे?" ठकूकाकू म्हणाली.

सोनाबाईने आबाकडे पाहिले. आबाने खाली पाहिले.

पाणी

चौथ्या दिवशी भाऊकी अंगणात जमली. मला उशांना टेकवून ओसरीवर बसवले होते. सोनाबाई आतल्या दारात. डोक्यातला भाता बंद झाला होता. तिने कान लावून खात्री करून घेतली होती, "गेला," म्हणाली होती आणि मग तोंडात पदर कोंबून बसली होती. जो आवाज घालवण्यासाठी सगळे चालले होते तो गेला होता. उजवे अंग आणि वाचा घेऊन गेला.

भाऊकीतल्या एका म्हाताऱ्याने आबाला विचारले, "तू हुतास का तितं?"

आबा म्हणाला, "मी आलो तवा असाच पडला हुता."

चार पुरुषांसमोर सोनाबाईने थोरल्या दिराला खोटे पाडायचे, तर ते कोणाच्या तोंडून? निरोप पोचवणारा मी.

म्हातारा माझ्याकडे वळला. "नाना, तुला समजतंय का? कुनी दाबलं, दाव."

मला सगळे समजत होते. आबा, असे म्हणायचे होते. डोक्यात शब्द अगदी स्पष्ट होता. तोंडातून आले, "पाणी."

मी डावा हात उचलला आणि आबाकडे बोट केले. "पाणी," मी म्हणालो. "पाणी. पाणी."

आबाच्या पायाशी पाण्याचा तांब्या होता. तो उठला, तांब्या घेऊन आला, माझ्या मानेखाली हात घालून मला पाणी पाजू लागला. अर्धे बाहेर सांडले. मी त्याच्या डोळ्यांत पाहिले. मी काय दाखवले ते त्याला कळले होते. तिथे त्या एकालाच कळले होते.

"बघा," ठकूकाकू म्हणाली, "बायकू दारात असून पानी भावाकडं मागतोय. आता आनी काय पायजे?"

नंतर

आबाने मला आणि सोनाबाईला पुण्याला नेले. दौंडला गाडी बदलताना त्याने मला पाठीवर घेतले आणि एकदाही खाली ठेवले नाही. डॉक्टरांनी डोळ्यावर नळी ठेवली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"आवाज नाही. फुटलेली जागा आतून रक्त गोठून बंद झाली आहे. बांधायची गरज उरली नाही," ते म्हणाले. "पण त्यातलाच एक गोळा वर गेला, किंवा दाब फार वेळ राहिला. कोणी दाबले?" मग सोनाबाईकडे पाहून म्हणाले, "बाई, मी तुम्हाला नुसते बघायला सांगितले होते."

आबा शेजारी उभा होता. सोनाबाई म्हणाली, "व्हय."

तिचे वडील इंदापुराहून गाडी जुंपून आले. "चल माघारी," म्हणाले. "ह्या गावात तुझं तोंड काळं केलंय."

"ह्यांचं हगनं-मुतनं कोन काढंल?" ती म्हणाली, आणि माझे धोतर बदलायला उठली. ते जेवण न करता गेले.

वर्षभराने शब्द परत येऊ लागले. आधी शिव्या आल्या, मग आकडे, मग माणसांची नावे. ज्या दिवशी आबाचे नाव तोंडात नीट बसले त्या दिवशी मी भाऊकीला बोलावले आणि अडखळत, थांबत, सगळे सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकले.

आबा म्हणाला, "डॉक्टरच म्हनलं, डोस्क्यातलं गेलंय त्याच्या. असं मानूस काय बी बोलतंय. घरात जे कानावर पडतंय तेच बोलनार." तो रागाने म्हणाला नाही. माझ्या अंगावरची घोंगडी नीट करत म्हणाला.

म्हातारा उठताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. म्हणाला, "बरा हो आधी."

तेव्हा मला समजले की ज्याचे डोके दुखणाईत, त्याची साक्ष कोठे चालत नाही. मी गुंठे मोजून दिले तर साहेबापासून सगळे मान्य करायचे. माझ्याच गळ्यावर कोणाचा हात होता, हे माझे मोजमाप मात्र कोणी धरले नाही.

सोनाबाईला हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही. नव्या नवरीची ओटी भरताना तिला मागे उभे करतात. आबा रोज सकाळी दुधाची चरवी आमच्या उंबऱ्यावर ठेवतो. ती दूध तापवते. मी पितो. दुसरे दूध नाही.

ज्यांना हे दुखणे आहे त्यांना

डोक्याला मार लागून पुढे आवाज येऊ लागला आणि तो नाडीबरोबर चालत असेल, तर तो भास नाही. घरातल्या कोणाला तरी कानशिलाला कान लावायला सांगा. जळवा, तेल, डाग यांत दिवस घालवू नका. माझ्या कानशिलावरचा डाग अजून दिसतो. मोठ्या इस्पितळात जा. तिथेही तीनच वाटा सांगतील: बांधणे, दाबणे, तसेच राहू देणे. तिन्हींत धोका आहे आणि चांगला डॉक्टर तो लपवत नाही. पाठीतल्या वाहिन्यांचे असेल तर एकही वाट माझ्या ऐकिवात नाही. गणपतला कोणी सांगितली नाही.

दाबायला सांगितले तर ज्याची मान त्याचाच हात. माया करणाऱ्याचा हात गळून पडत नाही, म्हणून तो नको. समोर असे माणूस बसवा की ज्याला कोणाचेही मनगट धरायला परवानगी विचारावी लागणार नाही. आणि दार उघडे ठेवा.

मला आता काठीने अंगणापर्यंत जाता येते. डोळा जागेवर आहे, त्याने दिसते. सकाळी सोनाबाई मला धोतर नेसवते, सदऱ्याची उजवी बाही आधी चढवते, मग डावी, खालून वर बटणे लावत येते. गळ्यापाशी आली की तिचे हात थांबतात आणि ती चुलीकडे जाते. वरचे बटण मी डाव्या हाताने लावायला शिकलो. त्याला वेळ लागतो.